७२ आठवड्यांच्या एसएचआरची (आपोआप रक्तदाब चढणाऱ्या रॅटची) महाधमनी अ‍ॅसिटिलकोलीनला सैल पडता पडता परत आवळते. वय की दाब?

मेझेंटेरिका (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ८:१०

चार गट आहेत: डब्ल्यूकेवाय (तुलनेसाठीचे, सामान्य दाबाचे) आणि एसएचआर, दोन्हींचे १६ आठवड्यांचे आणि ७२ आठवड्यांचे नर रॅट. छातीतल्या महाधमनीच्या ३ मिमीच्या रिंगा, १० मिलीचे बाथ, ३७ अंश, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण), सगळ्यांना सुरुवातीचा ताण २ ग्रॅम. फेनिलेफ्रिन १ मायक्रोमोलर देऊन आकुंचन स्थिर होऊ द्यायचे, मग अ‍ॅसिटिलकोलीन (आतल्या थरामार्फत वाहिनी सैल करणारे) १ नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर, अर्ध्या लॉगच्या पायऱ्यांनी.

तरुण डब्ल्यूकेवायचा वक्र अगदी पुस्तकातल्यासारखा, ९० टक्क्यांच्या आसपास शिथिलन. तरुण एसएचआर त्याहून कमी. म्हाताऱ्या एसएचआरमध्ये ०.३ मायक्रोमोलरपर्यंत रिंग सैल पडते आणि त्यापुढचा प्रत्येक डोस तिला उलट आवळतो, वक्राचा अक्षरशः हूक होतो. म्हाताऱ्या डब्ल्यूकेवायमध्येही शेवटच्या दोन डोसांना तसाच छोटा बाक दिसतो. सोडियम नायट्रोप्रुसाइडला (एसएनपी, वाहिनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड थेट पुरवणारे) मात्र चारही गट जवळपास सारखेच सैल पडतात.

याला 'नायट्रिक ऑक्साइड कमी झाले' एवढेच म्हणून मोकळे व्हायचे का? आणि यात वयाचा वाटा किती, दाबाचा किती, हे या चार गटांवरून सांगता येते का?

ताणमापी | सोमवार, रात्री ९:४५

एसएनपी सगळीकडे सारखे चालते म्हणजे स्नायुपेशीची सैल पडण्याची यंत्रणा ठीक आहे, निदान नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत तरी. बिघाड एंडोथेलियमच्या, म्हणजे वाहिनीच्या आतल्या पेशीथराच्या, बाजूला आहे हे बरोबर. पण 'कमी झाले' या शब्दाने तो हूक समजत नाही. नायट्रिक ऑक्साइड नुसते कमी झाले असते तर वक्र वरच्या पातळीला सपाट झाला असता, उलटा फिरला नसता. उलटा फिरतोय याचा अर्थ तेच एंडोथेलियम आवळणारे काहीतरी सोडतेय.

फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी १९८० साली दाखवले की सशाच्या महाधमनीचा आतला थर शाबूत असेल तरच अ‍ॅसिटिलकोलीन तिला सैल पाडते. थर घासून गेला की शिथिलन गायब. त्यानंतर सहाच वर्षांत, १९८६ मध्ये, ल्यूशर आणि व्हॅनहूट यांनी एसएचआरच्या महाधमनीत याच अ‍ॅसिटिलकोलीनने एंडोथेलियममार्फत आकुंचन होते हे मांडले. तुमचा हूक तोच.

साखळी अशी: अ‍ॅसिटिलकोलीनने एंडोथेलियल पेशीत कॅल्शियम वाढते. त्या कॅल्शियमवर दोन गिऱ्हाइके टपलेली असतात. एक ई-नॉस, जे नायट्रिक ऑक्साइड बनवते. दुसरे फॉस्फोलायपेज ए-२, जे अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटे करते आणि कॉक्स-१ हे एन्झाइम त्याचे प्रोस्टाग्लँडिन एच-२ आणि प्रोस्टासायक्लिन करते. डोस लहान असताना पहिल्याचे पारडे जड, मोठा झाला की दुसऱ्याचे. बाहेर पडलेले हे रेणू (प्रोस्टॅनॉइड) स्नायुपेशीवरच्या टीपी रिसेप्टरला जाऊन बसतात आणि रिंग आवळते.

यातली खरी गंमत प्रोस्टासायक्लिनची. ते आपण शाळेपासून 'वाहिनी सैल करणारे' म्हणून पाठ केलेले असते. तरुण डब्ल्यूकेवायमध्ये ते आयपी रिसेप्टरवर बसून तसे वागतेही. एसएचआर आणि म्हाताऱ्या डब्ल्यूकेवायमध्ये आयपीकडून मिळणारा प्रतिसाद उरलेला नसतो, मग तोच रेणू टीपीवर बसून उलटे काम करतो. रेणू बदललेला नाही, ऐकणारा बदललाय.

सिद्ध करायला वेगळा प्रयोग लावा. फेनिलेफ्रिन द्यायचेच नाही. शांत रिंगेला एल-नेम (ई-नॉस रोखणारे) १०० मायक्रोमोलर देऊन ३० मिनिटे थांबा, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचा पडदा बाजूला होतो. मग अ‍ॅसिटिलकोलीन १० नॅनोमोलरपासून १०० मायक्रोमोलरपर्यंत द्या आणि आकुंचन त्याच रिंगेच्या ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडच्या आकुंचनाच्या टक्क्यांत मांडा. शेजारी तीन जोडरिंगा: एक इंडोमेथासिन (कॉक्स-रोधक) १० मायक्रोमोलरची, एक टीपी-रोधकाची, एक एंडोथेलियम काढलेली. तिन्हीत आकुंचन मावळले तर तुमचे उत्तर मिळाले.

रबरीनळी | सोमवार, रात्री १०:२०

ताणमापींशी सहमत, फक्त पहिल्या प्रयोगाच्या रिंगांनाही इंडोमेथासिनची जोड हवी. इंडोमेथासिन दिल्यावर हूक जाऊन वक्र सपाट झाला पण ९० टक्क्यांपर्यंत पोचला नाही, तर उरलेली तूट नायट्रिक ऑक्साइडची. एकाच वक्रात दोन बिघाड मिसळलेले असतात, हे असे सुटे होतात.

कार्बोजेन | मंगळवार, सकाळी ७:०५

सिद्धांताच्या आधी बाथकडे बघा. 'म्हातारपणामुळे शिथिलन कमी' म्हणून छापलेले निष्कर्ष कधीकधी चिमट्यामुळे कमी झालेले असतात.

क्रेब्स (बाथमधले क्षार-ग्लुकोजचे द्रावण) एका लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.३०, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.०. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, तेही कार्बोजेन १५–२० मिनिटे सोडून झाल्यावर. आधी घातले तर सामू वर असतो आणि कॅल्शियम बायकार्बोनेट-फॉस्फेटशी जुळून खाली बसते. द्रावण किंचित दुधाळ दिसले तर गाळून वापरायचा मोह टाळा, ओतून द्या. त्यातले कॅल्शियम गेलेले असते आणि सगळी आकुंचने बुटकी येतात. कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी ओढते, त्यामुळे दरवेळी वजन करण्यापेक्षा १ मोलरचे द्रावण करून ठेवा आणि लिटरला २.५ मिली घाला. सामू ७.४ हा गॅस चालू असताना, ३७ अंशांना मोजायचा.

महाधमनी काढताना तिला दोन्ही टोकांना धरून ताणू नका. चरबी साफ करताना वाहिनीला नाही, चरबीला धरा. रिंग कापायला नवे पाते. तारा आत घालताना भिंतीला घासल्या की तेवढा एंडोथेलियम गेला, आणि म्हाताऱ्या प्राण्यात तो आधीच सैलसर चिकटलेला असतो. भोवतालची चरबी ठेवायची की काढायची हे चारही गटांत एकच असू द्या. ती चरबी स्वतः आकुंचन कमी करणारे घटक सोडते, आणि वय व दाबाने तिचाही स्वभाव बदलतो. अर्धी ठेवलेली चरबी सगळ्यात वाईट.

आणखी एक छुपा चोर: फेनिलेफ्रिनचे स्टॉक खराब होऊ नये म्हणून त्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालायची जुनी सवय. ते सुपरऑक्साइड (नायट्रिक ऑक्साइड नष्ट करणारा रेणू) टिपते. म्हणजे म्हाताऱ्या वाहिनीतला जो बिघाड मोजायचा त्याच्यावरच नकळत औषध टाकले जाते. त्याऐवजी स्टॉक रोज ताजे करा, बर्फात आणि अंधारात ठेवा. इंडोमेथासिन पाण्यात विरघळत नाही. इथेनॉलमध्ये विरघळवलेत तर तेवढेच इथेनॉल कंट्रोल रिंगेला द्या.

मेझेंटेरिका | मंगळवार, दुपारी १:३०

ताणमापी, रबरीनळी, कार्बोजेन, तिघांचेही आभार. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल स्टॉकमध्ये आहे. बदलते.

एंडोथेलियम शाबूत आहे की नाही हे ठरवायला ८० टक्के शिथिलनाचा निकष लावला होता. पण त्या निकषाने म्हाताऱ्या एसएचआरच्या बऱ्याच रिंगा बाद होतात.

कार्बोजेन | मंगळवार, दुपारी २:००

तो निकष तिथे लावायचाच नाही! जे मोजायला निघालोय तोच निकष लावून रिंगा बाद केल्या तर उरतात त्या सगळ्या निरोगी, आणि मग 'फरक आढळला नाही' असे लिहायची वेळ येते. ८० टक्के हा आकडा तरुण, निरोगी प्राण्यासाठी आहे. म्हाताऱ्या गटात शंका आली तर प्रयोग संपल्यावर रिंग उघडून सिल्व्हर नायट्रेटने रंगवा, पेशींच्या सीमा दिसतात. मुद्दाम थर काढलेल्या रिंगांना मात्र १० टक्क्यांपेक्षा कमी शिथिलन हा निकष सगळ्या गटांत चालतो.

चौथाघात | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

'सगळ्यांना २ ग्रॅम' इथे थांबा.

म्हाताऱ्या एसएचआरची महाधमनी जाड आणि रुंद असते. इलॅस्टिनचे पापुद्रे वर्षानुवर्षे ताण-सैल होऊन तुटतात, त्यांच्या जागी कोलॅजन येते, आणि साखरेच्या आडव्या बंधांनी ते कोलॅजन ताठ होते. अशा भिंतीला २ ग्रॅम म्हणजे तरुण डब्ल्यूकेवायच्या भिंतीला २ ग्रॅम नव्हे. एकीचे स्नायू पुरेसे ताणले जातील, दुसरीत वजन कोलॅजनच पेलेल आणि स्नायू ढिलेच राहतील. आधी प्रत्येक गटातल्या दोन-तीन प्राण्यांवर ताण अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने वाढवत प्रत्येक टप्प्याला पोटॅशियम क्लोराइड द्या. ज्या ताणाला आकुंचन सर्वाधिक तो त्या गटाचा ताण. गटागटाला वेगळा निघाला तर वेगळाच वापरा आणि तसे लिहा. आकुंचन नुसत्या ग्रॅममध्ये न देता भिंतीच्या छेदाच्या क्षेत्रफळाला भागून द्या.

दुसरे, शिथिलनाची टक्केवारी सुरुवातीच्या आकुंचनावर अवलंबून असते. जास्त आवळलेली रिंग तेवढ्याच नायट्रिक ऑक्साइडने टक्क्यांत कमी सैल पडते. सगळ्यांना १ मायक्रोमोलर देण्याऐवजी प्रत्येक रिंगेचा फेनिलेफ्रिनचा वक्र आधी काढा आणि तिच्या कमाल आकुंचनाच्या ७०–८० टक्क्यांवर नेणारा डोस द्या. डोस वेगळे होतील, आवळणे सारखे होईल. आपल्याला तेच हवे.

वय की दाब, यावर: म्हाताऱ्या डब्ल्यूकेवायमध्ये दाब फारसा न चढताही बाक दिसतोय, म्हणजे वय एकटेही तिथे पोचवते. १६ आठवड्यांच्या एसएचआरमध्ये वय नसताना दाब पोचवतो. वाट एकच, दाब त्या वाटेवरून लवकर नेतो. पण एवढ्यावरून 'दाब म्हणजे अकाली म्हातारपण' असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. ते महाधमनीत शोभते, लहान धमन्यांत नाही.

लहानधमनी | मंगळवार, रात्री ९:१५

चौथाघातांनी माझ्याच दारात आणून सोडले.

महाधमनी ही वाहून नेणारी नळी, रोध तिथे नसतो. दाब ठरतो तो १००–३०० मायक्रोमीटरच्या धमन्यांत आणि त्याहून बारीक धमनिकांत. उच्च रक्तदाबात तिथे भिंतीतला माल फारसा न वाढता आतल्या बाजूने नव्याने रचला जातो: बाहेरचा आणि आतला दोन्ही व्यास घटतात, भिंत आणि पोकळीचे गुणोत्तर वाढते. परिणाम निव्वळ भूमितीचा. रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. त्रिज्या १० टक्के घटली की रोध सुमारे ५२ टक्के वाढतो, २० टक्के घटली तर जवळजवळ अडीचपट. आतला मार्ग आधीच अरुंद आणि भिंत जाड असेल तर स्नायूंनी नेहमीइतकेच आवळले तरी रोध जास्त उसळतो. इथे रिसेप्टरही बदललेला नाही आणि एंडोथेलियमही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फोकोव यांनी हे गणित फार पूर्वी मांडले, पण रेणूंच्या गर्दीत ते विसरले जाते.

म्हातारपणी, दाब नसताना, लहान धमन्यांत ही फेररचना इतकी ठळक नसते. तिथे मोठ्या वाहिन्यांचा ताठपणा पुढे असतो.

एंडोथेलियमचेही गणित इथे वेगळे. महाधमनीत शिथिलन जवळजवळ सगळे नायट्रिक ऑक्साइडचे. आतड्याच्या पडद्यातल्या तिसऱ्या फाट्याच्या (मेझेंटेरिक) धमनीत एल-नेम आणि इंडोमेथासिन दोन्ही दिले तरी बरेच शिथिलन उरते. ते एंडोथेलियमच्या हायपरपोलरायझेशनचे (पेशीपटलाचा विद्युतभार आणखी ऋण होण्याचे), पेशीपटलावरच्या लहान आणि मध्यम वाहकतेच्या, कॅल्शियमवर चालणाऱ्या पोटॅशियम चॅनेलांतून येणारे. या चॅनेलांचे रोधक एपामिन आणि ट्रॅम-३४ एकत्र दिले की तेही जाते. एसएचआरमध्ये आणि म्हातारपणी हा वाटाही आटतो. धागाकर्तीचे नावच मेझेंटेरिका आहे, तर एक वायर मायोग्राफ (बारीक धमनीचा ताण मोजणारे उपकरण) लावाच: २ मिमी लांबीचा तुकडा, ४० मायक्रोमीटरच्या तारा, आणि १०० मिमी पाऱ्याच्या दाबाला जो परीघ येईल त्याच्या ०.९ पटीवर बसवायचा.

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ८:२०

रिंगेतून जरा माणसाकडे. हे सगळे जिवंत हातावर दिसते का? दिसते. १९९० साली पांझा आणि सहकाऱ्यांनी हाताच्या धमनीत थेट अ‍ॅसिटिलकोलीन सोडून पाहिले: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत रक्तप्रवाह निरोगी माणसांपेक्षा कमी वाढला, नायट्रोप्रुसाइडला फरक नव्हता. मेझेंटेरिका यांच्या चार गटांचीच गोष्ट. सुई न टोचता करायचे तर सेलेरमेयर यांची १९९२ ची पद्धत: दंडातली धमनी अल्ट्रासाउंडवर धरायची, पुढच्या हातावरचा पट्टा सिस्टोलिक (वरच्या) दाबापेक्षा ५० मिमी वर फुगवून ५ मिनिटे ठेवायचा, सोडायचा, आणि पुढची ३ मिनिटे व्यास सलग मोजायचा. माणूस किमान ६ तास उपाशी हवा, चहा-तंबाखू बंद.

इथेही टक्केवारी फसवते. व्यास ०.२ मिमीने वाढला तर ३.५ मिमीच्या धमनीत ते ५.७ टक्के, ४.५ मिमीच्या धमनीत ४.४ टक्के. वयाबरोबर धमनी रुंद होते, म्हणजे काही घसरण नुसत्या छेदाची आहे. सुरुवातीचा व्यास कोष्टकात दिलेला नसेल तर तो निबंध मी बाजूला ठेवतो.

सुपारीचे खांड | बुधवार, सकाळी १०:५०

वाचनमात्र होतो, एक भाबडा प्रश्न. इंडोमेथासिनने रिंग सुधारते तर बीपीच्या म्हाताऱ्या माणसाला तेच का देत नाहीत? वेदनाशामक म्हणून मिळतेच की.

बाह्यरुग्ण | बुधवार, दुपारी ३:१५

प्रश्न भाबडा नाही, पण उत्तर ठामपणे 'नाही' असेच. बाथमध्ये मूत्रपिंड नसते. शरीरात कॉक्स रोखला की मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन्स जातात, मीठ-पाणी साठते, दाब चढतो, आणि एसीई-रोधक, एआरबी, डाययुरेटिक या दाबाच्या औषधांचा परिणाम बोथट होतो. म्हाताऱ्या माणसाचे नीट चाललेले बीपी अचानक बिघडले तर आधी गुडघेदुखीची गोळी कोणती चालू आहे ते विचारावे. कॉक्स सोडून थेट टीपी रिसेप्टर रोखणारे टेरुट्रोबान मेंदूचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिनशी तुलना करून पाहिले गेले. २०११ साली छापलेल्या त्या मोठ्या चाचणीत ते अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरले नाही.

वयाच्या बाजूने दवाखान्यात उपयोगी पडणारे तीन मुद्दे, चौथाघातांच्या ताठ भिंतीवरूनच. ताठ महाधमनीत नाडीची लाट वेगाने जाते आणि परतही लवकर येते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच. त्यामुळे सिस्टोलिक चढतो. महाधमनी ताणून रक्त साठवून ठेवत नाही, म्हणून पन्नाशी-साठीनंतर डायस्टोलिक उतरतो. १७०/७० दिसले की 'खालचे तर छान आहे' असे म्हणणारे भेटतात. छान नाही, ती रुंद दरीच आजार आहे. कॅरोटिड (मानेतली धमनी) ते फेमोरल (मांडीतली धमनी) नाडीलाटेचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर भिंत ताठ समजतात.

बीटा रिसेप्टरमार्फत येणारे शिथिलन वयाने घटते, रॅटच्या महाधमनीत आणि माणसाच्या हातावरच्या शिरेतही. बॅरोरिफ्लेक्सही (दाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया) मंदावतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचे बीपी बसून एकदा मोजणे पुरत नाही: ५ मिनिटे झोपवून, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. सिस्टोलिक २० किंवा डायस्टोलिक १० उतरला तर औषध वाढवण्याआधी विचार.

आणि मेंदूच्या वाहिन्या. त्या ठरावीक दाबाच्या पट्ट्यात स्वतःच आवळून-सैल होऊन प्रवाह टिकवतात. बरीच वर्षे दाब असलेल्या माणसात हा पट्टा उजवीकडे सरकतो. त्याला जो दाब झेपतो तो आपल्याला जास्त वाटतो, आणि आपल्याला 'नॉर्मल' वाटणाऱ्या दाबाला त्याच्या मेंदूचा पुरवठा कमी पडू शकतो. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून दहा मिनिटांत आकडा पाडणे याचसाठी सोडून दिले गेले. दाब उतरवावा, पण आठवड्यांच्या हिशेबाने. मग पट्टाही हळूहळू काहीसा परत डावीकडे येतो.

सुपारीचे खांड | बुधवार, दुपारी ३:४०

समजले डॉक्टर. घरातल्या गोळ्यांचा डबा तपासतो.

रबरीनळी | बुधवार, रात्री ८:३०

धाग्यात ऑक्सिडेटिव्ह बाजू राहिली, थोडक्यात टाकतो. वय आणि दाब दोन्हींत एनएडीपीएच ऑक्सिडेज (सुपरऑक्साइड बनवणारे एन्झाइम) वाढते, सुपरऑक्साइड वाढते, ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट करते. पेरॉक्सिनायट्राइट ई-नॉसचा जोडीदार टेट्राहायड्रोबायोप्टेरिन खराब करते. जोडीदार गेला की ई-नॉस स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागते. म्हणजे एन्झाइमचे प्रमाण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनाचे प्रमाण पाहायच्या चाचणीत) पूर्ण, कधी जास्तही, आणि काम उलटे. नुसता ब्लॉट दाखवून 'ई-नॉस वाढले म्हणजे वाहिनी सावरतेय' असे लिहू नका.

मेझेंटेरिका | बुधवार, रात्री ९:५०

पुढचा आराखडा: गटवार ताण, जुळवलेले आकुंचन, इंडोमेथासिनची जोड, एल-नेमखालचा शांत रिंगेचा प्रयोग, आणि मेझेंटेरिक धमनी. एका प्राण्याच्या महाधमनीतून आठ रिंगा निघतात, गटाला पाच प्राणी. म्हणजे एन (नमुनासंख्या) चाळीस धरू ना?

चौथाघात | बुधवार, रात्री १०:०५

पाच. म्हातारे होतात ते प्राणी, रिंगा नाही. आठ रिंगा वेगवेगळ्या जोडप्रयोगांना वाटा, सारख्या वागवलेल्या रिंगांची प्राण्यागणिक सरासरी काढा. वक्रांची तुलना करायची तर प्रत्येक प्राण्याचा पीडी-२ (अर्धा परिणाम देणाऱ्या डोसाचा उणे लॉग) आणि कमाल शिथिलन वेगळे काढा. हूक असलेल्या वक्राला मात्र नेहमीचे सिग्मॉइड बसवू नका, तिथे वक्राखालचे क्षेत्रफळ घ्या. पाच कमी पडतील. ७२ आठवडे पोसायचे तर वाटेत काही दगावतात, एसएचआर तर नक्कीच. आचारसमितीकडे प्राणीप्रयोगाच्या परवानगीचा बी फॉर्म भरतानाच आठ-दहा मागून ठेवा, मागाहून वाढवून घेणे त्रासाचे.